गढीकडे जाणाऱ्या मेंढ्या

ग्वेर्न,
मंगळवार, ३ एप्रिल १९५१

प्रिय केझिया आत्या,

आज सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी परसातल्या भिंतीवर उभा राहून मेंढ्या मोजत होतो. तीन वेळा मोजल्या. अठ्ठावन्न असायला हव्यात, सत्तेचाळीस भरल्या. न्याहारी न करताच मी ओढा ओलांडून पलीकडे गेलो आणि उरलेल्या अकरा मला जिथे सापडल्या, त्याबद्दल तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हे पत्र. त्या सिलस प्रॉसरच्या गढीत होत्या.

गढी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण तुम्ही गेल्यावर प्रॉसरने काय केलंय ते सांगतो. टेकाडाला लागून मातीच्या तटाचं जे आवार आहे, त्याच्या तोंडाशी त्याने नवी ताटी बांधली आहे, हेझलच्या फांद्यांची, चांगली घट्ट. माझ्या अकराही मेंढ्या, सगळ्या गाभण, त्या ताटीच्या आत होत्या. प्रॉसर वर टेकाडावर काटेझुडपांपाशी पाइप ओढत उभा होता. तो आता रोज सकाळी तिथे उभा असतो. तिथून आमचं परस, गोठा आणि माझ्या खोलीची खिडकी सरळ दिसते. मी खाली खंदकाच्या काठावर थांबलो आणि हाक मारली.

"मिस्टर प्रॉसर, माझ्या मेंढ्या तुमच्या गढीत आहेत."

"दिसतायत मला."

"ताटी लावली आहे तुम्ही."

"वारा येतो म्हणून लावलीय. तुला काय वाटलं, राजा येणाराय?"

"मला त्या घरी न्यायच्या आहेत."

"नेशील की. व्यायल्यावर ने. गाभण जनावर हाकू नये, एवढं तरी बापाने शिकवलं असेल तुला."

मी परत आलो. आत्या, मी भांडखोर नाही, पण मोजणारा आहे. सैन्यातून परत आल्यावर मी बाबांबरोबर दोन वसंत काढले. दोन्ही वर्षी याच मेंढ्या गढीत जाऊन व्यायल्या आणि परत आल्या तेव्हा निम्म्याहून जास्त जणींच्या मागे एकेकच कोकरू होतं. त्यांची कास जुळ्यांची होती आणि त्या दोन दिवस दुसऱ्यासाठी ओरडत होत्या. बाबांना विचारलं तर ते म्हणत, "कोल्हा." दोन्ही वर्षी कोल्हा. मी कोल्हा पाहिला नाही, लोकर-हाडं पाहिली नाहीत, रक्ताचा डागही नाही.

तुम्हाला माहीत आहे की बाबा गेल्यावर इस्टेटीच्या कारभाऱ्यांनी मला शेत एकच वर्ष दिलं आहे. शरदातल्या बाजारात मी किती कोकरं उभी करतो ते पाहून पुढचं ठरणार. मला एकेक कोकरू हवं आहे. प्रॉसर लोकांशी आपलं जुनं काही वैर होतं का? खरं सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
मर्व्हिन बफ्टन


लँड्रिंडॉड,
शुक्रवार, ६ एप्रिल

मर्व्हिना,

तुझं पत्र मिळालं. आज्ञाधारक म्हणे! आज्ञाधारक असतास तर न्याहारी न करता ओढ्यात उतरला नसतास. इथे बोर्डिंगात एकवीस माणसं आहेत आणि प्रत्येकाला अंडं वेगळ्या वेळाचं हवं. तरी मी बटाटे सोलता सोलता तुझं पत्र दोनदा वाचलं, तेव्हा आता ऐक.

वैर-बिर काही नाही. एकदा तुझ्या आजोबांचा आणि सिलसच्या बापाचा कुंपणावरून तंटा झाला होता, तो दोघांनी एका रविवारी पलीकडे इंग्लंडात जाऊन बिअरमध्ये बुडवला. आपल्या बाजूला रविवारी गुत्ते बंद असतात, म्हणून तर अर्धं वेल्स पलीकडच्यांशी गोडीने राहतं. गढीचं म्हणशील तर आमचे बाबा कायम जळायचे. म्हणायचे, "नॉर्मनांनी बांधली, वेल्शांनी जाळली, आणि सुख भोगतात प्रॉसरच्या मेंढ्या." त्या तटाच्या आत वारा शिरत नाही. बर्फ पडलं तरी आवारातलं गवत पहिलं दिसतं. मेंढ्या तिकडे जातात यात नवल ते काय?

सिलस टेकाडावर उभा राहतो तर राहू दे. म्हातारा माणूस आहे. त्याला दुसरं बघायला काय आहे तिकडे? तुझी खिडकी काही सिनेमा नाही.

पण एक विचारते. या अकरा मेंढ्या दर वर्षी त्याच का? त्यांचं वय काय? आणि त्यांचा डावा कान नीट बघ. आपली खूण म्हणजे डाव्या कानाचा शेंडा छाटलेला, पण नखभरच. तुझे आजोबा नखाने मोजून छाटायचे. यांचा किती छाटलाय ते सांग.

आणि पोलिसात जाऊ नकोस. सुईणीने आणि हवालदाराने एकदा घरात पाऊल टाकलं की सगळ्या गावाला कळतं.

घरचं डुकराचं मांस चांगलं मुरलं असेल तर थोडं बेकन पाठव. इथे रेशनचं बेकन बघून रडू येतं.

तुझी आत्या,
केझिया


ग्वेर्न,
मंगळवार, १० एप्रिल

प्रिय केझिया आत्या,

बेकन वेगळ्या पुडक्यात पाठवलं आहे. कृपया पोचल्याचं कळवा, कारण टपालवाली मिसेस गिटोज वाटेत फार थांबते.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देतो. हो, दर वर्षी त्याच अकरा. सगळ्या पाच वर्षांच्या, सेहेचाळीसच्या वसंतातल्या. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात मी छावणीत होतो, तेव्हा बाबांनी पत्रात कळवलं होतं की दोनशेतल्या या अकराच वाचल्या. वाऱ्याने बर्फ गढीच्या खंदकात लोटलं होतं आणि त्याखाली त्या जिवंत होत्या. बाबांनी एकट्याने फावड्याने काढल्या. बाकीचा कळप त्यांनी नंतर कर्ज काढून विकत घेतला. बाबा म्हणायचे, जिथे जीव वाचला ती जागा जनावर विसरत नाही, म्हणून त्या तिकडे जातात.

कानांचं. बाकीच्या मेंढ्यांचा शेंडा नखभर आहे. या अकरांचा चांगला दोन बोटं गेला आहे. बाबांनी सांगितलं होतं की हिवाने कान झडले, मग सडू नयेत म्हणून त्यांनी पुन्हा सरळ छाटले. यात विचारण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. मी तुम्हाला प्रॉसरबद्दल विचारलं आणि तुम्ही मला बाबांच्या कात्रीबद्दल विचारता. तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?

आता नवीन ऐका. शनिवारी मी ओढ्याच्या अलीकडे अॅल्डरच्या झाडांमागे उभा होतो. प्रॉसर गढीच्या आवारातून बाहेर आला, काखेत कोकरू होतं. ताटी परत लावली आणि खाली त्याच्या कळपाकडे गेला. मागे माझी मेंढी ताटीला डोकं लावून ओरडत होती. रविवारी चॅपलहून येताना मी मुद्दाम त्याच्या कुंपणाजवळून आलो. त्याच्या कळपात चार कोकरांच्या कानांना आत्ताच चीर पाडलेली आहे, डाव्या कानाच्या टोकापासून आत, त्याची खूण. आत्या, एप्रिलमध्ये! कान सगळेजण मे महिन्यात कापतात, एकाच दिवशी, सगळ्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कुणी कुणाचं कोकरू आपलं म्हणू नये. जो एकटा कापतो तो का कापतो?

गढी ओढ्याच्या पलीकडे आहे, म्हणजे इंग्लंडात. आपला हवालदार तिथे चालत नाही. म्हणून शुक्रवारी मी सायकलवरून पलीकडच्या ठाण्यावर जाणार आहे. राग मानू नका. मी लिहिताना शब्द तपासतो, तसं हेही तपासलं आहे.

आपला,
मर्व्हिन


लँड्रिंडॉड,
गुरुवार, १२ एप्रिल

मर्व्हिन,

बेकन पोचलं. जाऊ नकोस.

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचणार नाही हे मला कळतंय, आणि मिसेस गिटोज तर वाटेत तीन घरी चहा पिणार. तरी लिहिते. गेला असशील तर परत जा आणि सांग की चूक झाली.

मी कुणाच्या बाजूने आहे विचारतोस. मी तुझ्या बाजूने आहे, गाढवा, म्हणून तर कानांबद्दल विचारलं.

मी त्या शेतावर वाढले. मेंढी कुठे जाते हे मला कुणी शिकवायला नको, आणि तुलाही नको. मेंढी जिथे जन्मली, आईच्या मागे जिथे पहिल्यांदा चरली, तिथेच व्यायला जाते. म्हणून तर आपल्याकडे शेतकरी बदलला तरी डोंगरावरचा कळप जागेवरच राहतो. एक हिवाळा बर्फाखाली काढून मेंढीचं घर बदलत नाही.

आता एकच काम कर. त्या अकरांचे उजवे कान बघ. ते शाबूत आहेत का? असतील तर स्वतःला विचार की हिवाने अकरा मेंढ्यांचा डावाच कान कसा काय ओळखला.

यापुढे मी लिहीत नाही. तुझा बाप माझा धाकटा भाऊ होता. त्याचे बूट मी बांधलेत.

आत्या


ग्वेर्न,
मंगळवार, १७ एप्रिल

प्रिय आत्या,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. मी शुक्रवारीच जाऊन आलो होतो. कॉन्स्टेबल सोमवारी सकाळी येणार असं ठरलं होतं.

शनिवारीच मी ओढा ओलांडला. प्रॉसर कुठे दिसला नाही. ताटी उघडून आत गेलो आणि एकेका मेंढीला तटाच्या कोपऱ्यात धरून उजवा कान पाहिला. अकराही शाबूत. पातळ, गुलाबी, टोकापर्यंत. एकीलाही हिवाची खूण नाही. मी पुन्हा पाहिले, कारण मोजणी एकदाच करू नये. मग ताटी लावून घरी आलो.

प्रॉसरची खूण म्हणजे टोकापासून पाडलेली चीर. शेंडा पुरेसा छाटला की चीर त्याच्याबरोबरच जाते. हे मला आधी कळायला हवं होतं. मी कानांबद्दलचं तुमचं पहिलं पत्र फार रागात वाचलं.

रविवारी जाऊन कॉन्स्टेबलला नको म्हणून सांगावं असं दहादा मनात आलं. पण काय कारण सांगू? मी गेलो नाही. वाटलं, तो आला नाही तर बरं. सोमवारी सव्वानऊला तो आला. लालबुंद चेहऱ्याचा, सात मैल चढ चढून आलेला. प्रॉसर टेकाडावरून उतरून खाली आवारात आला. आम्ही तिघे तटाच्या आत उभे होतो आणि त्या अकरा मेंढ्या आपापल्या कोकरांना घेऊन कोपऱ्यात.

"हं," कॉन्स्टेबल म्हणाला, "मेंढ्या कुणाच्या?"

"बफ्टनच्या," प्रॉसर म्हणाला. "कुशीवर डांबराने 'बी' अक्षर काढलंय. वाचता येतं ना?"

"आगाऊपणा नको. हा तरुण म्हणतो की तुम्ही त्याची कोकरं घेता."

"तरुण बरंच काही म्हणतो. त्याची जीभ अजून दुधाची आहे."

कॉन्स्टेबलने एक मेंढी पकडली. शेतकऱ्याच्या घरातला असावा, त्याने बरोबर मानेखाली हात घातला. तिचा डावा कान बोटांत धरून तो थांबला. मी त्या बोटांकडे बघत होतो.

"हा फार आखूड छाटलाय," तो म्हणाला. "इतका कुणी छाटतं का? का छाटला असा?"

तो माझ्याकडे बघत होता.

"हिवाने झडले," प्रॉसर म्हणाला. "सत्तेचाळीस साली. बर्फातून काढल्या तेव्हा मी इथेच होतो. काळे पडले होते. याच्या बापाने, एनॉकने, छाटले म्हणून जगल्या."

बाबांचे शब्द, जवळजवळ जसेच्या तसे. त्याने ते कॉन्स्टेबलकडे बघून सांगितले, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

कॉन्स्टेबलने कान सोडला. "मग कोकरांचं काय? तुझी तक्रार आहे ना?"

मी म्हणालो, "तक्रार नाही. माझी मोजणी चुकली."

"चुकली?"

"हो सर. मी मोजायला चुकलो."

तो जे बोलला ते मी लिहीत नाही. सात मैलांचा उल्लेख त्यात बऱ्याच वेळा होता. शेवटी म्हणाला, "पुढच्या वेळी आधी गणित शीक, मग सायकलवर बस," आणि गेला.

तो वळणापलीकडे दिसेनासा झाला. मग मी विचारलं, "तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

प्रॉसर तटाच्या उतारावर बसला. पाइप काढला पण पेटवला नाही.

"सत्तेचाळीसच्या एप्रिलपासून. बर्फ वितळलं, माझ्या अकरा कमी. तुझ्या बापाच्या अकरा जिवंत. मला दहापर्यंत मोजता येतं रे, अकरावीला दुसऱ्याचं बोट घेतो."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्या शंभर मेल्या, त्याच्या सगळ्या. त्याने माझ्याच खंदकातून माझ्याच मेंढ्या फावड्याने काढल्या. मी घरात तापाने पडलो होतो. त्याने काढल्या नसत्या तर त्याही मेल्याच असत्या. मी विचारलं असतं तर त्याला कबूल करावं लागलं असतं, आणि कबूल केल्यावर शेजारी राहता येत नाही. मला इथून रोज त्याचा धूर दिसायचा."

मग पुढच्या वसंतात त्या मेंढ्या आपणहून गढीत आल्या, जन्मल्या होत्या तिथे, आणि व्यायल्या. त्याने जुळ्यांतलं एकेक ठेवून घेतलं, लगेच त्यांचे कान कापले आणि मेंढ्या उरलेल्या कोकरांसकट परत पाठवल्या.

"तुझा बाप आला," तो म्हणाला, "तू आत्ता उभा आहेस तिथे उभा राहिला. मोजलं. म्हणाला, 'यंदा कोल्हा फार झालाय.' मी म्हणालो, 'हो, फार झालाय.' तीन वर्षं आम्ही तेवढंच बोललो."

"आणि यंदा?"

"यंदा तो नाही. मला कळेना, त्याने तुला सांगितलंय की नाही. रोज वर उभा राहून तुझ्या चालण्यावरून ओळखायला बघत होतो. तू मोजायचास, पुन्हा मोजायचास. म्हटलं, माहीत असलेला माणूस इतका मोजत नाही. तरी सवयीने चार घेतली." त्याने पाइप खिशात टाकला. "त्याच्याकडून घ्यायचो ती वसुली होती, पोरा. तुझ्याकडून घेतली ती चोरीच. तेव्हा ठाण्यावर तू काही खोटं बोलला नाहीस. चारही घेऊन जा."

मी घेतली नाहीत. म्हणालो, मेंढ्याच तुमच्या आहेत. तो हसला आणि म्हणाला, "घरी जा, कारभारी कोकरं मोजणाराय, माझा जमाखर्च नाही."

आत्या, माझी झोप गेली आहे. त्या अकरा आणि त्यांची कोकरं दिली तर बाजारात माझी संख्या अपुरी पडेल आणि शेत जाऊ शकतं. नाही दिली तर काय होईल हे मला सांगता येत नाही, पण रोज परसातल्या भिंतीवर उभं राहावं लागेल.

मर्व्हिन


लँड्रिंडॉड,
शुक्रवार, २० एप्रिल

मर्व्हिना,

बैस आधी. काहीतरी खा. मग वाच.

रडून झालंय माझं, स्वैपाकघरातल्या पोरींना कांदा सांगितला. एनॉक असं करेल असं वाटलं नव्हतं आणि कानाचं वाचल्यावर लगेच वाटलंही. दोन्ही खरं आहे.

आता माझं मत ऐक. मेंढ्या परत करू नकोस. लोकांसमोर तर मुळीच नाही. मे महिन्यात सगळे जमतील, तू अकरा मेंढ्या पलीकडे हाकशील, आणि जेथ्रो वॉटकिन्ससारखा तोंडाळ शेजारी विचारेल, का म्हणून. तू खोटं बोलू शकत नाहीस, तुझे कान लाल होतात. मग काय, तुझ्या बापाला चॅपलमागच्या मातीतून काढून गावासमोर उभा करणार? सिलसने चार वर्षं झाकलं ते तू एका सकाळी उघडणार?

सिलसला हवं तर दर वर्षी काही कोकरं घेऊ दे. चाललंय तसं चालू दे. काही गोष्टी न बोलल्यानेच नीट राहतात. शेत राख. शेत गेलं तर कुणाचंच भलं नाही, सिलसचंही नाही. त्याला धूर कुणाचा दिसणार?

हे सगळं लिहून झाल्यावर मला तुझा स्वभाव आठवला, आणि आता हे पत्र टाकू की नको असं झालंय. टाकते.

आत्या


ग्वेर्न,
रविवार, २७ मे १९५१

प्रिय केझिया आत्या,

रविवारी लिहितो आहे म्हणून रागावू नका. चॅपलला जाऊन आलो आहे. इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुमचं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते आधी कळवायचं धैर्य नव्हतं.

काल कान कापायचा दिवस होता, पाळी प्रॉसरची, म्हणजे गढीच्या आवारात. सगळे आले होते, इकडचे आणि तिकडचे. मी सकाळी आठला त्या अकरा मेंढ्या, त्यांची कोकरं सोडून, वेगळ्या काढल्या आणि ओढ्यातून पलीकडे नेल्या. हाकाव्या लागल्याच नाहीत. त्या माझ्यापुढे चालत होत्या. ताटीपाशी जेथ्रो वॉटकिन्स उभा होता, कात्रीला धार लावत.

"काय रे बफ्टन, रस्ता चुकलास? कोकरं आणायची असतात, आज्या नाही!"

सगळे हसले. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, वाटेत पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. मी म्हणालो, "या मेंढ्या..."

"मी विकत घेतल्या," प्रॉसर आतून म्हणाला. "ये, ये. उशीर केलास."

मी तिथेच थांबलो.

"विकत?" जेथ्रो म्हणाला. "कितीला रे?"

प्रॉसर माझ्याकडे बघत होता. खोटं बोल असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. फार तर, दमलोय रे, असं होतं. माझे कान लाल झाले असणार. मी म्हणालो, "पाच पौंडांना एक." बाजाराचा भाव तेवढा होता, वर्तमानपत्रात वाचला होता.

"पाच! या म्हाताऱ्यांना! सिलस, तुला दिवसाढवळ्या लुटलं की या पोराने! आणि नशिबाचे पैसे? ते तरी दिले का?"

"नाही अजून," प्रॉसर म्हणाला आणि हात पुढे केला.

तुम्हाला माहीत आहे, विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर नशिबाचं नाणं परत ठेवलं नाही तर आपल्याकडे तो सौदाच धरत नाहीत. माझ्या खिशात चॅपलच्या थाळीसाठी ठेवलेला अर्धा क्राउन, अडीच शिलिंगांचं नाणं, होता. तो मी त्याच्या तळहातावर ठेवला. प्रॉसर त्यावर थुंकला, मूठ मिटली आणि म्हणाला, "झालं." माझं वाक्य तोंडातच राहिलं. मला ते बोलायचं होतं, आत्या. अजूनही वाटतं बोलायला हवं होतं.

जेथ्रोने त्यातली एक मेंढी धरली, नवी खूण करायला. कान हातात घेतला. बराच वेळ बघितला. बाजूला त्याचा भाऊ होता, मागे पेनी-बँक शेतावरचे दोघे म्हातारे होते. सगळ्यांनी तो कान पाहिला आणि कुणीच काही विचारलं नाही. जेथ्रो, जो माझ्या बुटांच्या नाडीवरही बोलतो, तो म्हणाला, "उजव्या कानाला चीर देऊ ना, सिलस? डाव्यात जागा नाही." एवढंच. मग सगळे एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले.

आत्या, मला वाटतं सगळ्यांना माहीत होतं. कदाचित पहिल्यापासून. आता चॅपलमध्ये कुणी मान हलवली की मी विचार करतो, याला माहीत होतं का. तुम्हालाही खरंच आधी माहीत नव्हतं ना?

कोकरं प्रॉसरने घेतली नाहीत. म्हणाला, बाप तुझा मेंढा, गवत तुझं. कारभारी मोजायला येतील तेव्हा ती माझ्याकडे असतील. संख्या पुरेल की नाही हे पावसावर आहे. दुपारी सगळे गेल्यावर त्याच्या स्वैपाकघरात आम्ही दोघांनी चहा घेतला. त्याने मला खुर्ची दिली आणि विचारलं की मी सैन्यात कुठे होतो. बाबांचं नाव निघालं नाही.

हिशेब खाली देतो, तुम्ही मागाल म्हणून.

खर्च: ठाण्यावर जाताना सायकलचं पंक्चर, नऊ पेन्स. तुम्हाला चार पत्रांची तिकिटं, दहा पेन्स. नशिबाचे पैसे, अडीच शिलिंग. एकूण चार शिलिंग एक पेनी.

येणे: गावाच्या समजुतीप्रमाणे मिस्टर प्रॉसर यांच्याकडून अकरा मेंढ्यांचे पंचावन्न पौंड. प्रत्यक्षात काही नाही.

देणे: सप्टेंबरअखेरचा खंड, बावीस पौंड, पैकी जवळ चौदा. चॅपलच्या थाळीत अर्धा क्राउन, आज टाकता आला नाही. आणि मिस्टर प्रॉसर यांना त्या अकरा मेंढ्यांच्या चार कातरण्यांची लोकर, चव्वेचाळीस मेंढ्यांइतकी. भाव ठरलेला नाही. तो विचारायला मी उद्या सकाळी पलीकडे जाणार आहे.

तुमचा,
मर्व्हिन